जुन्या फोटोंचे स्कॅन उजळताना छटा कशा जपाव्यात

मंडळाच्या छायाचित्र संग्रहासाठी सभासदांकडून फोटो येऊ लागले, तेव्हा आमचा समज असा होता की काम दोनच गोष्टींचे आहे: फोटो नीट स्कॅन करायचा आणि ज्याचा त्याला जपून परत करायचा. उजळणे, डाग काढणे वगैरे आम्ही हौसेत धरले होते. पहिल्या खेपेतच कळले की खरे नुकसान तिथेच होते.

त्या खेपेत एका घरून गट फोटो आला होता. वाड्याच्या पायऱ्यांवर तीन ओळींत मंडळी, पुढे सतरंजीवर मुले, आणि मधल्या दोघांनी धरलेला एक पांढरा फलक. फलकावर शाईने काहीतरी लिहिलेले होते, बहुधा उत्सवाचे नाव आणि साल. शाई विटली होती तरी हातात धरून, खिडकीपाशी नेऊन अक्षरे लागत होती. स्मरणिकेची घाई होती. आम्ही स्कॅनरचे 'ऑटो' बटण दाबले, जेपेग फाईल घेतली, छपाईत काळपट येऊ नये म्हणून आणखी उजळली आणि तीच फाईल जपून ठेवली. फोटो परत गेला. पुढच्या पावसाळ्यात त्या घराचा माळा गळला आणि ट्रंकेतला अख्खा अल्बम एकमेकांना चिकटून गेला. आता आमच्याकडे फाईल आहे, चेहरे ओळखू येतात, पण फलक कोरा आहे. त्या पांढऱ्यात अक्षरे नाहीत, आणि कोणत्याही सॉफ्टवेअरने ती परत येणार नाहीत.

हा लेख म्हणजे त्यानंतर आम्ही जे शिकलो ते. घरी स्कॅनर असलेले अनेक सभासद आता स्वतःच फोटो स्कॅन करून पाठवतात. त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहिले आहे.

छटा म्हणजे काय आणि ती हरवते कशी

कृष्णधवल फोटोची साधी फाईल ही आकड्यांची जाळी असते. प्रत्येक ठिपक्याला 0 ते 255 यांपैकी एक आकडा. 0 म्हणजे ठार काळा, 255 म्हणजे कोरा पांढरा, मधले सगळे करडे. याला 8 बिट म्हणतात. रंगीत फोटोत लाल, हिरवा आणि निळा अशा तीन जाळ्या असतात, नियम तोच.

आता समजा, उन्हात उभ्या असलेल्या बाईंच्या पांढऱ्या लुगड्याच्या चुण्या 222 वर आहेत, पदर 236 वर आणि शेजारच्या गृहस्थांचा सदरा 248 वर. डोळ्याला तिन्ही पांढरेच, पण या फरकामुळेच चुणी चुणी म्हणून दिसते. फोटो अंधारलेला वाटतो म्हणून आपण ब्राइटनेसची पट्टी सरकवतो आणि प्रत्येक आकड्यात 40 मिळवतो. 222 चे 262 व्हायला हवेत, पण 255 च्या वर जागाच नाही. तिन्ही आकडे 255 होतात. लुगडे, पदर, सदरा मिळून एकच पांढरा डाग. चूक लक्षात आली म्हणून 40 परत वजा केले, तर तिन्ही 215 होतात. कोणता आकडा कुठून आला होता हे फाईलला आठवत नाही. भरल्या वाटीत आमटी ओतली की ती सांडते, तसेच हे सांडणे. इंग्रजीत याला क्लिपिंग म्हणतात आणि सॉफ्टवेअरमध्येही हाच शब्द दिसेल.

काळ्या टोकालाही हेच घडते. 'काळे जरा गडद करा' म्हणून आपण काळ्याची खूण 20 वर नेली, की 8, 14 आणि 20 या तिन्ही छटा 0 होतात. काळ्या कोटाची गुंडी, केस आणि मागचा दरवाजा एकजीव होतात. पांढरे उडालेले निदान नजरेला खुपते. काळे बुडालेले बहुतेकांना आवडतेच, कारण फोटो 'उठून' दिसतो. म्हणून ते जास्त फसवे.

दुसरा तोटा वेगळ्या प्रकारचा आहे. फार विटलेल्या फोटोत सगळ्या छटा मधल्या पट्ट्यात गोळा झालेल्या असतात, समजा 90 पासून 180 पर्यंत. म्हणजे 256 पैकी वापरात फक्त 91. आपण कॉन्ट्रास्ट वाढवतो तेव्हा हा पट्टा ताणून 0 ते 255 वर नेतो. पण पायऱ्या 91 च राहतात, त्या फक्त उंच होतात. आकाशात, गालावर, भिंतीवर जिथे उजेड हळूहळू उतरत जायला हवा तिथे नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे पट्टे दिसू लागतात. छटांचा आलेख, म्हणजे हिस्टोग्रॅम, उघडला तर तो तुटक दातांच्या फणीसारखा दिसतो. फणी दिसली की समजावे, फाईल ताणली गेली आहे. मग वरून थोडे दाणे घालून पट्टे झाकता येतात, पण ते झाकणेच. हरवलेले काही परत येत नाही.

अर्धे काम स्कॅनरवरच होते

दुसऱ्या तोट्यावर उपाय सोपा आहे: मुळातच जास्त पायऱ्या घ्याव्यात. बरेच फ्लॅटबेड स्कॅनर 16 बिट करड्यात किंवा 48 बिट रंगात स्कॅन देतात. 16 बिटमध्ये एका जाळीत 256 च्या जागी 65,536 पायऱ्या असतात. वर सांगितलेला विटका पट्टा त्यात तेवीस हजारांच्या वर पायऱ्या व्यापतो. स्कॅनरच्या स्वतःच्या खरखरीमुळे त्यातल्या सगळ्याच कामाच्या नसतात, तरीही ताणायला भरपूर उरतात. फाईल टिफ प्रकारात ठेवावी. जेपेगमध्ये 16 बिट मावतच नाही, शिवाय ती चित्राचे 8 गुणिले 8 ठिपक्यांचे चौकोन करून बारीक तपशील टाकून देते आणि बदलून पुन्हा साठवली की दर वेळी आणखी टाकते.

जागेचा हिशेब सभासद नेहमी विचारतात. 4 बाय 6 इंचांचा फोटो 600 डीपीआयवर 16 बिट करड्यात सुमारे 17 एमबी होतो, 48 बिट रंगात सुमारे 52 एमबी. आजच्या पेन ड्राइव्हला हे ओझे नाही. छोटे फोटो असतील तर 1200 डीपीआय ठेवावे. बडोद्याला बनलेला आगफा क्लिक थ्री ज्यांच्या घरी होता त्यांच्याकडे 6 बाय 6 सेंटिमीटरचे चौकोनी कॉन्टॅक्ट प्रिंट नक्की सापडतील. त्याची 120 ची निगेटिव्ह सापडली तर दुधात साखर, कारण निगेटिव्हमध्ये कागदावर कधीच न उतरलेल्या छटा असतात. निगेटिव्हसाठी मात्र झाकणात दिवा असलेला स्कॅनर लागतो.

एक गैरसमज मोडायला हवा. 8 बिटमध्ये आधीच घेतलेली फाईल सॉफ्टवेअरमध्ये 16 बिट केली, तर गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत. पुढच्या दुरुस्त्यांत आकड्यांची गोळाबेरीज जरा कमी बिघडते, एवढाच फायदा.

स्कॅन करण्यापूर्वी प्रीव्ह्यू घ्या आणि स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधल्या आपोआप चालणाऱ्या सोयी बंद करा: ऑटो एक्स्पोजर, रंग सुधार, धूळ काढणे, शार्पन. ऑटो एक्स्पोजर फोटोतले सर्वात उजळ आणि सर्वात गडद ठिपके शोधून टोके ठरवते, आणि त्यासाठी दोन्ही टोकांचे थोडे ठिपके बळी द्यायची तिची तयारी असते. आमच्या फलकाची अक्षरे अशीच गेली. त्याऐवजी हिस्टोग्रॅम पाहून काळ्याची आणि पांढऱ्याची खूण डोंगराच्या दोन्ही पायथ्यांच्या थोडी बाहेर ठेवावी. स्कॅन फिकट, निर्जीव दिसेल. दिसू द्या. मूळ फाईल देखणी असायची गरज नाही, भरलेली असायला हवी.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी आम्हाला बऱ्याच उशिरा उमगली. जुन्या प्रिंटला पांढरी किनार असते, कधी कातरलेली. किनारीचा कोरा कागद चित्रातल्या कोणत्याही पांढऱ्यापेक्षा उजळ असतो, त्यामुळे हिस्टोग्रॅमच्या उजव्या टोकाला एक उंच खांब उभा राहतो आणि आपल्याला वाटते, पांढरे तिथपर्यंत आहे. अल्बमचे काळे पान डाव्या टोकाला तेच करते. म्हणून मोजताना चौकट चित्राच्या आत घ्यावी आणि मोजून झाल्यावर किनारीसह पूर्ण फोटो स्कॅन करावा. किनार कापू नये. स्टुडिओचा ठसा बहुधा तिथेच असतो.

घरच्या ऑल-इन-वन प्रिंटरला 16 बिटची सोय बहुधा नसते. म्हणून थांबू नका. असे यंत्र आतमध्ये बऱ्याचदा जास्त छटा वाचते आणि फाईल देताना त्या 8 बिटमध्ये कोंबते. तेव्हा टोकांच्या खुणा आणि मधला उजेड स्कॅनरच्याच सॉफ्टवेअरमध्ये, स्कॅन घेण्याआधी लावावा, आणि फाईल जेपेगऐवजी टिफ किंवा पीएनजीमध्ये घ्यावी. पीडीएफ तर नकोच.

फोटो कृष्णधवल असला तरी रंगीत स्कॅन करा

हे ऐकून लोक चमकतात. कारण असे की जुना कृष्णधवल फोटो आता फक्त काळा-पांढरा राहिलेला नसतो. तो पिवळा, तपकिरी झालेला असतो, आणि तो रंग आपल्या उपयोगाचा असतो.

आपल्या इंदूरला या कलेचा जुना वारसा आहे. लाला दीनदयाळ इथे सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला असताना 1870 च्या दशकात कॅमेऱ्याकडे वळले. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा त्यांना आश्रय मिळाला आणि पुढे हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव झाले. त्या पिढीचे फोटो अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर छापले जात. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले असे फोटो काही घरांतून अजून निघतात. या कागदाचे दुखणे ठरलेले आहे: उजळ भागातले तपशील आधी विरतात आणि कागद पिवळा पडतो. चेहरा आहे, पण पागोट्याचे पीळ गेले, असे दिसते.

अशा वेळी रंगीत स्कॅनमधल्या तीन जाळ्या वेगवेगळ्या करून पाहाव्यात. पिवळा रंग निळा उजेड शोषतो. त्यामुळे विरून पिवळसर उरलेली रेघ निळ्या जाळीत सर्वात ठळक दिसते, लाल जाळीत जवळजवळ नाहीशी होते. उलट, फोटो शाबूत आहे पण त्यावर चहाचा किंवा ओलीचा पिवळा डाग पडला आहे, तर लाल जाळी घ्यावी. तिथे डाग फिका पडतो. करड्यात स्कॅन केलेल्या फाईलमध्ये ही निवड उरत नाही. स्टुडिओत हाताने रंगवलेले फोटो, गालावर गुलाबी आणि काठाला सोनेरी, हे तर अर्थातच रंगीतच घ्यायचे.

विसाव्या शतकातल्या जिलेटिनच्या कागदावर वेगळे दिसते. गडद भागावर निळसर, आरशासारखी चकाकी येते, कारण थरातली चांदी वर आलेली असते. स्कॅनरचा दिवा तिथे चमकतो आणि काळ्याच्या जागी करडा धूर उमटतो. फोटो काचेवर नव्वद अंशांनी फिरवून पुन्हा स्कॅन करून पाहा, चमक बऱ्याचदा कमी होते. जाळीदार पोत असलेल्या कागदाचे फोटो, जे एके काळी लग्नाच्या अल्बममध्ये सर्रास असत, त्यांनाही हीच युक्ती लागू पडते. ती चांदी कापसाने पुसायला मात्र जाऊ नये.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो अंधाऱ्या अल्बममध्ये राहूनही लाल झालेले दिसतात. त्यांतला निळसर-हिरवा रंग आधी विरतो. हिस्टोग्रॅम तीन जाळ्यांत वेगळा पाहिला तर लाल जाळीचा डोंगर उजव्या बाजूला आखडून बसलेला सापडेल. एकाच पट्टीने तिन्ही जाळ्या हलवू नयेत. एकेका जाळीची टोके स्वतंत्र लावावीत. लाल जाळीला सर्वात जास्त ताणावे लागते, म्हणून अशा फोटोंना 48 बिट स्कॅनची गरज इतरांपेक्षा जास्त. लग्नातला शालू पुन्हा हिरवा झालेला पाहून घरच्यांना होणारा आनंद आम्ही अनेकदा पाहिला आहे.

दुरुस्ती करताना

पहिला नियम एवढाच की मूळ फाईल उघडून तिच्यावर काम करायचे नाही. तिची प्रत करायची, नावात 'मूळ' आणि 'दुरुस्त' असा फरक ठेवायचा, आणि मूळ फाईल दोन ठिकाणी साठवायची.

सॉफ्टवेअर कोणते, हा वाद आम्ही घालत नाही. ज्यांच्याकडे फोटोशॉप आहे त्यांनी ते वापरावे. आम्ही बहुतेक काम फुकट मिळणाऱ्या गिम्पमध्ये करतो. मात्र त्याची 2018 मधली 2.10 किंवा नंतरची आवृत्ती घ्यावी, कारण आधीच्या 2.8 मध्ये फक्त 8 बिट होते आणि 16 बिटची टिफ उघडली की छटा गळून जात.

ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टची जोडपट्टी विसरलेली बरी. तिच्या जागी लेव्हल्स वापरावे. त्यात तीन खुणा असतात: काळ्याची, पांढऱ्याची आणि मधली. दोन्ही टोके पायथ्याजवळ आणायची, पायथ्याच्या आत न्यायची नाहीत. उजेड वाढवायचा तो मधल्या खुणेने, जिला गॅमा म्हणतात. लुगड्याचेच उदाहरण घेऊ. गॅमा 1.5 केला तर सावलीतला 60 चा आकडा 97 वर जातो, म्हणजे चेहरे चांगलेच उजळतात, आणि 222, 236, 248 चे साधारण 232, 242, 250 होतात. चुण्या जवळ आल्या, पण एकमेकींत मिसळल्या नाहीत. 0 आणि 255 जागचे हलत नाहीत. ब्राइटनेसच्या पट्टीने जे कायमचे गेले असते, ते इथे फक्त थोडे दबले.

त्याहून बारीक काम कर्व्हजने होते. तिथली तिरपी रेघ जिथे जास्त उभी कराल तिथल्या छटा एकमेकींपासून दूर जातात, आणि जिथे आडवी होईल तिथल्या जवळ येतात. एकीकडे दिले की दुसरीकडून घेतले जाते, यातून सुटका नाही. सगळीकडे शिकवला जाणारा 'एस' आकार मधल्या छटांना उठाव देतो तो पांढऱ्याच्या आणि काळ्याच्या खर्चाने. म्हणून आधी ठरवावे की या फोटोत महत्त्वाचे काय आहे आणि ते कोणत्या छटांत आहे. चेहरे मधल्या छटांत असतात हे खरे, पण आपल्याकडच्या जुन्या फोटोंत धोतर, पांढऱ्या टोप्या आणि लुगडी बरीच, आणि मागे ओसरीचा अंधार. दोन्ही टोकांना माणसे असतात.

उजळ अंगण आणि काळोखी ओसरी एकाच फोटोत असेल तर सगळ्या फोटोवर एकच कर्व्ह लावून चालत नाही. ओसरीपुरता मास्क करून तिची कड मऊ ठेवावी आणि तेवढेच उजळावे. गिम्पमधले शॅडोज-हायलाइट्स हेही काम चटकन करते, पण जास्त लावले की माणसांभोवती संतांच्या चित्रातल्यासारखी प्रभा दिसू लागते. ती दिसली की मागे यावे.

दुरुस्त्या एकावर एक पक्क्या करत जाऊ नये. आधी उजळले, मग गडद केले, मग पुन्हा थोडे उजळले, अशाने दर वेळी आकड्यांची गोळाबेरीज होऊन पायऱ्या गळतात. फोटोशॉपमध्ये ॲडजस्टमेंट लेयर वापरावा, म्हणजे खालचे चित्र जसेच्या तसे राहते आणि केव्हाही मागे येता येते. गिम्पमध्ये 2025 च्या 3.0 आवृत्तीपासून फिल्टर असेच न पुसता लावता येतात. जुनी आवृत्ती असेल तर निदान सगळा बदल एकाच कर्व्हमध्ये बसवावा.

टोके सांडली की नाही हे डोळ्यांवर सोपवू नये. फोटोशॉपमध्ये लेव्हल्सची टोकाची खूण अल्ट दाबून सरकवली की सांडणारे ठिपकेच तेवढे दिसतात. गिम्पमध्ये व्ह्यू मेन्यूतल्या डिस्प्ले फिल्टर्समध्ये क्लिप वॉर्निंग आहे. आम्ही शेवटी रंग मोजायचा ड्रॉपर घेऊन तपशील असलेल्या सर्वात पांढऱ्या कापडावर ठेवतो. तो 245 च्या आसपास असावा, आणि तपशील असलेला सर्वात गडद काळा 10 च्या आसपास. भांड्यावर पडलेला उन्हाचा कवडसा 255 असला तर हरकत नाही, तिथे पाहण्यासारखे काही नसतेच.

पडद्याबद्दल दोन शब्द. मोबाइलचा पडदा खोलीतल्या उजेडाप्रमाणे स्वतःच कमीजास्त होतो, रात्री पिवळाही होतो. त्यावर पाहून 'अजून जरा उजळा' असे सांगणारे फोन आम्हाला रोज येतात. लॅपटॉपची चमक एका जागी ठेवावी, रात्री पिवळेपणा आणणारी सोय बंद करावी, आणि शंका आली तर हिस्टोग्रॅमवर विश्वास ठेवावा.

आत्याबाई

हे सगळे फार काटेकोर वाटेल, म्हणून एक प्रसंग सांगतो. एका सभासदांकडून मुंजीचा फोटो आला. मांडवात बटू, आईवडील, भटजी, आणि मागे घराचा अर्धवट उघडा दरवाजा, ठार काळा. या वेळी आम्ही शहाणे झालो होतो, त्यामुळे स्कॅन 48 बिटमध्ये होता आणि काळ्याची खूण पायथ्याच्या बाहेर होती. मांडवाचे खांब नीट दिसावेत म्हणून आम्ही मास्क करून मागचा भाग उजळत होतो, तर दाराच्या काळोखात एक बाई उभी दिसली. डोक्यावरून पदर, अर्धा चेहरा चौकटीआड, एक हात कडीवर. त्या छटा 8 बिटच्या हिशेबात 6 ते 25 च्या दरम्यान होत्या, म्हणजे 'काळे जरा गडद' केले असते तर त्या संपल्याच असत्या.

आम्ही छापून नेले. घरातल्या सर्वात वयस्कर काकूंनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाल्या, "अगबाई, या तर आत्याबाई." लहानपणीच विधवा झालेल्या, आयुष्यभर त्याच घरात राबलेल्या. शुभकार्यात मांडवात पुढे यायची त्यांना मुभा नव्हती. त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. आता आहे. चेहरा धूसर आहे, दाणेदार आहे, आणि आम्ही तो तसाच ठेवला.

तसाच ठेवला हे मुद्दाम सांगतो, कारण हल्ली एका बटणात जुना फोटो 'लख्ख' करणारी ॲप आली आहेत. ती छटा शोधून काढत नाहीत, त्या जागी इतर हजारो चेहऱ्यांवरून अंदाजाने नवा चेहरा रंगवतात. घरातल्या मंडळींनी गंमत म्हणून करून पाहायला आमची ना नाही. पण संग्रहात अशी फाईल आम्ही घेत नाही. अर्ध्या चेहऱ्याच्या आत्याबाई आत्याबाईच आहेत. ॲपने पूर्ण केलेल्या त्या दुसऱ्याच कुणी झाल्या असत्या.

पाठवताना

दुरुस्त फाईल तयार झाली की नातेवाइकांना पाठवायला तिची 8 बिट जेपेग प्रत करावी. सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर 8 बिटला हरकत नाही, पाहायला 256 छटा पुरतात. ताणायला पुरत नाहीत, एवढेच. मंडळाला पाठवताना मात्र मूळ टिफ हवी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकला की तो लहान होऊन आणि दाबला जाऊन पोहोचतो. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून जोडला तर फाईल जशीच्या तशी येते. फार मोठ्या फाईली पेन ड्राइव्हवर आणून दिल्या तर उत्तम.

काचेला चिकटलेले, तसबिरीतले फोटो सोलून काढू नका. तसेच्या तसे घेऊन या, काचेतूनच कॅमेऱ्याने घेता येतात. फोटोच्या मागे लिहिलेले असेल तर मागची बाजूही स्कॅन करा, तीही रंगीत. विटलेल्या शाईला आणि पेन्सिलीला जाळ्यांची युक्ती तितकीच उपयोगी पडते. पातळ कागद असेल आणि मागची अक्षरे पुढे उमटत असतील तर वर काळा कागद ठेवून झाकण लावा.

आणि त्या पहिल्या गट फोटोबद्दल. स्टुडिओवाले तेव्हा गट फोटोच्या अनेक प्रती काढून देत, तेव्हा तीन ओळींतल्या आणखी कुणाच्या घरी एखादी प्रत असण्याची शक्यता आहे. आमची उडालेली फाईल छापून मंडळाच्या वाचनालयात दाराशी लावली आहे. वाड्याच्या पायऱ्या, पुढे सतरंजी, मधल्या दोन मुलांच्या हातात फलक. जाता-येता एकदा पाहावे आणि घरचे माळे, ट्रंका, देव्हाऱ्याखालचे खण चाळावेत. फोटो सापडला तर तो पुसू नका, मोबाइलवर उजळू नका, आहे तसा घेऊन या.